कणकेचं नाक

स्पर्धेच्या दोन दिवस आधी, रात्री साडेदहाला, मी सोनाराच्या काट्यावर लाकूड मोजत बसलेला असतो. काटा ओळखीच्या सराफकाकांचा. दर जानेवारीत एका रात्रीपुरता ते तो जुन्या टॉवेलात गुंडाळून देतात आणि सकाळी दुकानाचं शटर वर जायच्या आत परत आणायला बजावतात. लाकूड बाल्साचं. तीन फूट लांब, तीन इंच रुंद, तीन मिलिमीटर जाड पट्ट्या. दुकानात सगळ्या एकाच मापाच्या, एकाच भावाच्या. काट्यावर ठेवल्या की मात्र एक भरते वीस ग्रॅम आणि तिच्या खालचीच बेचाळीस.

कृष्णाकाठच्या एका शाळेत आम्ही काही जण मिळून शाळकरी मुलांची ग्लायडर स्पर्धा घेतो. शनिवारी दिवसभर वर्गात बसून बनवायचं, रविवारी सकाळी मैदानावर उडवायचं. इंजिन नाही, बॅटरी नाही, रिमोट नाही. हातातून सुटलं की सुटलं. पंखांचा पसारा दीड फुटाचा आणि तयार ग्लायडरचं सगळं वजन वीस-बावीस ग्रॅम. अशा खेळात एकाला वीस ग्रॅमची पट्टी मिळाली आणि शेजारच्याला बेचाळीसची, तर निकाल शुक्रवारी रात्रीच लागला म्हणायचा. म्हणून आम्ही चौघं जण एकेक पट्टी तोलतो, मागच्या बाजूला पेन्सिलीनं आकडा टाकतो आणि ढीग लावतो. बावीस ते अठ्ठावीस ग्रॅमवाल्या मुलांना. त्याहून जड असतील त्या प्रात्यक्षिकाला आणि फार हलक्या असतील त्या सरळ कपाटात. फार हलकी पट्टी दिसायला भाग्याची, पण नवख्या हातात ती पॉलिश पेपरखाली बिस्किटासारखी तुटते. हे आम्ही पहिल्या वर्षी एका मुलाचे तीन पंख तुटलेले बघून शिकलो.

पट्टी हातात आली की मुलं पहिला प्रश्न विचारतात, हे लाकूड आहे की थर्माकोल? मग मी नकाशा काढतो. बाल्साचं झाड मूळचं मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं आणि जगाला लागणारं बहुतेक बाल्सा येतं इक्वेडोरहून. इक्वेडोर या शब्दाचाच अर्थ विषुववृत्त, हे भूगोलात कुणी सांगितलेलं नसतं. बाल्सा म्हणजे स्पॅनिशमध्ये तराफा. १९४७ साली थोर हेयरदाल आणि त्याचे पाच सोबती ज्या कोन-टिकी नावाच्या तराफ्यावरून पेरूहून पॉलिनेशियापर्यंत गेले, तो याच लाकडाच्या ओंडक्यांचा. पण मुलांना खरी गंमत वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. बाल्सा आपल्या काटेसावरीच्या कुळातलं आहे. त्याच्याही फळातून सावरीसारखा कापूस निघतो. उन्हाळ्यात सावरीच्या म्हाताऱ्या पकडायला धावलेली मुलं ही. एकदा नातं जुळलं की ती पट्टी परदेशी राहत नाही आणि तिला हात लावायची भीती जाते.

*

वर्गात बाकांच्या मधून फिरणाऱ्या प्रत्येक स्वयंसेवकाला आमच्याकडे एकच नियम आहे: हात पाठीमागे बांधून फिरायचं. बोला, विचारा, खडूनं फळ्यावर काढून दाखवा, पण मुलाच्या विमानाला बोट लावायचं नाही. बाहेरून येणाऱ्यांना हे जरा लष्करी वाटतं. ते कुठून आलं, हे मी आजवर फारसं कुणाला सांगितलेलं नाही.

पहिल्या वर्षी सहावीतली एक मुलगी दोन पंखांचा सांधा जोडत होती. ग्लायडरचे पंख सपाट ठेवून चालत नाही. दोन्ही टोकं थोडी वर उचललेली लागतात, म्हणजे विमान एका कुशीवर कललं तर आपलं आपण सरळ होतं. तिचं एक टोक जास्त वर होतं, दुसरं कमी. फेविक्विक सुकत चाललं होतं. मी पुढे झालो, दोन बोटांनी पंख धरला, नीट कोन लावला आणि पाच सेकंद दाबून ठेवला. तिनं काही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी ते ग्लायडर देखणं उडालं आणि तिचा तिसरा नंबर आला. बक्षीस घेताना माइक तिच्यापुढे धरला, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "पंख सरांनी लावलाय." आणि कार्यक्रम संपल्यावर ते ग्लायडर टेबलावरच ठेवून घरी गेली.

ते ग्लायडर अजून माझ्याकडे आहे. हात पाठीमागे बांधायचा नियम त्या रात्री लिहिला.

आईवडिलांना हा नियम समजावणं त्याहून अवघड. सुरुवातीला मुलं घरून विमान बनवून आणायची. मग पाचवीतल्या मुलाच्या हातात असं विमान यायचं, की त्याच्या पंखाची पुढची कड गोल, मागची कड पापडासारखी पातळ, सांध्यावर डिंकाचा एक थेंब वाहिलेला नाही. मुलाला विचारलं की शेपटाला हा कोन का दिलास, तर ते मान वळवून गर्दीत वडिलांना शोधायचं. म्हणून बनवणं वर्गात आणलं. तर एके वर्षी एक वडील खिडकीबाहेर उभे. दुपारचं ऊन, अंगात इस्त्रीचा शर्ट, आणि दोन्ही हातांनी मुलाला खुणा चालू: वर घे, वर, अजून. मी बाहेर गेलो. रागानंच गेलो होतो. त्यांनी आधी माफी मागितली आणि मग म्हणाले, लहानपणी त्यांना असलं विमान करायचं होतं, पण सामान कुठं मिळतं हेच कुणाला माहीत नव्हतं. त्या माणसाला खिडकीतून हाकलून लावायची माझी इच्छाच गेली. पुढच्या वर्षीपासून आम्ही व्हरांड्यात एक टेबल मांडतो. प्रात्यक्षिकातून उरलेल्या जड पट्ट्या, दोन कटर, पॉलिश पेपर. पालकांनी तिथं स्वतःचं विमान बनवायचं. खिडकीतल्या खुणा बंद झाल्या. टेबलाभोवती दिवसभर अशी शांतता असते की चहा नेऊन दिला तर तो तसाच गार होतो.

*

शनिवारी संध्याकाळी सगळी ग्लायडर्स नावाच्या चिठ्ठीसकट एका वर्गात ठेवून कुलूप लागतं. यात काही बिघडू शकेल हे आमच्या ध्यानीमनी नव्हतं. जानेवारीत नदीकाठी पहाटे धुकं इतकं उतरतं की मैदानावरचा गोलपोस्ट दिसत नाही. एका वर्षी त्या वर्गाच्या दोन खिडक्या रात्रभर उघड्या राहिल्या. सकाळी सहाला कुलूप काढलं, तर खिडकीकडच्या रांगेतल्या पंखांनी पीळ घेतलेला. बाल्सा ओल पितो. एका बाजूनं जास्त प्यायला की पट्टी वाकते, आणि एका पंखाची मागची कड दोन मिलिमीटर जरी खाली झुकली, तरी विमान हातातून सुटताच त्या पंखाला वर उचलून दुसऱ्या कुशीवर आडवं होतं आणि गिरकी घेत जमिनीत जातं.

अकरा मुलांची विमानं होती ती. मुलं अजून आली नव्हती. आम्ही खिडक्यांकडे आणि एकमेकांकडे बघत उभे राहिलो. आदल्या दिवशी दहा-दहा तास बसून मुलांनी केलेलं काम आमच्या हलगर्जीपणानं वाकडं झालं होतं, आणि नियमाप्रमाणे त्याला हात लावायची आम्हाला परवानगी नव्हती.

तोड काढली ती हवाई दलातून निवृत्त झालेल्या आमच्या परीक्षकांनी. मुलं त्यांना एअरफोर्सवाले आजोबा म्हणतात. त्यांनी फाटकाबाहेरच्या चहावाल्याला त्याच्या गाड्यासकट आत बोलावलं आणि स्टोव्ह वर्गाच्या दारात मांडायला लावला. मुलं आली तसं एकेकाला किटलीपुढे उभं केलं. पंख वाफेवर धरायचा, पीळ असेल त्याच्या उलट बाजूला हळूच वळवायचा, थोडा जास्तच वळवायचा आणि वाफेबाहेर काढून गार होईपर्यंत तसाच धरून ठेवायचा. विमान बनवणाऱ्यांची ही जुनी युक्ती. वाफेनं लाकूड नरम पडतं आणि गार होताना नव्या आकारात बसतं. आजोबांचे हात पाठीमागेच होते. चहावाला तेवढा न राहवून सांगत होता, "बाळ, बोटं सांभाळ, वाफ लई कडक असते." सव्वासातपर्यंत अकराही पंख सरळ झाले. त्या दिवशी चहा कुणालाच मिळाला नाही, पाणी सगळं पंखांना गेलं.

*

आणि मग ते वर्ष, ज्यात क्ले संपला.

ग्लायडरच्या नाकावर वजन लागतं. नुसत्या पंख-शेपटीचं विमान मागे जड होतं. हातातून सुटलं की नाक वर करतं, वेग हरवतो, क्षणभर थबकतं आणि खाली कोसळतं. मग पुन्हा वेग येतो, पुन्हा नाक वर. असं लाटा खात ते जमिनीवर येतं. नाकाला थोडं क्लेचं वजन लावत गेलं की एका ठिकाणी तोल बसतो. दोन बोटांच्या टोकांवर पंख पेलून पाहायचा. आमच्या आकाराच्या ग्लायडरचा तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण तिसऱ्या हिश्श्यावर यायला हवा. तिथून पुढचं सगळं मैदानावर. ओल्या गवतावर गुडघे टेकून, खांद्याच्या उंचीवरून, ढकलल्यासारखं सोडायचं आणि बघायचं. मग चिमूटभर वजन लाव, चिमूटभर काढ. याला ट्रिम करणं म्हणतात आणि सगळ्या स्पर्धेत मला सर्वांत प्रिय वेळ हीच. साडेसहा ते आठ. शिट्टी नाही, टाळ्या नाहीत. धुक्यात चाळीस-पन्नास मुलं आपापल्या विमानाशी पुटपुटत असतात.

तर त्या वर्षी क्लेचा अंदाज माझा चुकला. पावणेसातला डबा रिकामा आणि पंधराएक मुलं नाकाविना. रविवारी त्या वेळी गावात कुठलं दुकान उघडं असणार? मुलांनी आपले मार्ग काढले. कुणी रुपयाचं नाणं चिकटवलं. कुणी सहलीच्या बॅगेची चेन तोडून लावली. सातवीतली एक मुलगी, जिल्हा परिषदेच्या शाळेतली, दोन वेण्या, अंगावर भावाचा मोठा स्वेटर, ती सरळ वसतिगृहाच्या मेसमध्ये गेली. तिथं मावशी सकाळच्या चपात्यांची कणीक तिंबत होत्या. त्यांनी विचारलं, "इमानाला भूक लागली व्हय गं?" आणि लिंबाएवढा गोळा तिच्या हातावर ठेवला. पाच मिनिटांत आणखी सहा जण मेसच्या दारात.

आता प्रश्न नियमाचा. आमच्या कागदावर स्वच्छ लिहिलेलं: नाकाच्या वजनासाठी फक्त दिलेला क्ले वापरावा. एक परीक्षक म्हणाले, नियम म्हणजे नियम, ज्यांना क्ले मिळाला त्यांच्यावर अन्याय नको. दुसऱ्या बाई म्हणाल्या, क्ले आपण पुरवला नाही, मुलांचा काय दोष. नाणी आणि चेन मात्र एकमतानं बाद झाली, कारण वेगानं येणाऱ्या विमानाच्या नाकावर धातू म्हणजे कुणाच्या डोळ्याशी खेळ. कणकेवर गाडी अडली. तेव्हा आजोबांनी जॉर्ज केलीची गोष्ट काढली.

इंग्लंडातल्या यॉर्कशायरमधला हा माणूस. १८०४ साली त्यानं एक ग्लायडर बनवलं, सुमारे पाच फूट लांब. पुढे पतंगासारखा पंख, मागे हलवता येणारं शेपूट. विमानाचा जो आकार आज आपल्या डोळ्यांसमोर येतो, तो त्या ग्लायडरमध्ये पहिल्यांदा दिसला. राइट बंधूंच्या इंजिनाच्या विमानाआधी ९९ वर्षं. आणि त्या ग्लायडरच्या नाकाशी केलीनं एक वजन बसवलं होतं, मागेपुढे सरकवता येईल असं. "दोनशे वर्षांपूर्वी त्या माणसाचा जो प्रश्न होता, तोच आता त्या पोरीच्या हातात आहे," आजोबा म्हणाले. "वजन कशाचं, हा प्रश्नच नाही. किती आणि कुठं, हा प्रश्न आहे. चिकटून राहत असेल आणि कुणाला लागत नसेल, तर काय हरकत?" कागदावरच्या नियमापुढे मी पेननं लिहिलं: किंवा कणीक. खाली तिघांच्या सह्या.

*

फेऱ्या पाच. त्यातल्या उत्तम तीन फेऱ्यांच्या वेळेची बेरीज. प्रत्येक फेरीत सगळ्यांनी ठरलेल्या वेळेतच उडवायचं, कारण आठ वाजताची हवा आणि साडेदहाची हवा या दोन वेगळ्या गोष्टी. सकाळी हवा झोपलेली असते. ऊन चढलं की मैदानाचा उघडा भाग शेजारच्या उसापेक्षा आधी तापतो आणि त्यावरची हवा गरम होऊन बुडबुड्यासारखी वर सुटते. त्या बुडबुड्यात सापडलेलं विमान खाली यायचं विसरतं. इंग्रजीत त्याला थर्मल म्हणतात. तो कुठं उठतोय हे ओळखायचं यंत्र आमच्याकडे नाही, पण घारी आहेत. घार पंख न हलवता गोल फिरत वर चढायला लागली की जाणती मुलं तिकडे तोंड करून उभी राहतात.

प्रत्येक उड्डाणाला दोन घड्याळं. दोन्हींची सरासरी धरायची. यातही भांडणं होतात. विमान गुलमोहराला अडकलं, तर वेळ कुठं थांबवायची? हलायचं थांबलं तिथं. इमारतीमागे गेलं तर? दहापर्यंत मोजायचं, पुन्हा दिसलं तर घड्याळ चालूच. एकदा एक विमान वाऱ्यावर फिरून शाळेच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर बसलं आणि दोन वेळाधिकाऱ्यांच्या आकड्यांत चार सेकंदांचा फरक निघाला, कारण एकाला टाकी दिसत होती आणि दुसऱ्याला नव्हती.

कणीकवाल्या मुलीचं पहिल्या फेरीत झालं अकरा सेकंद, दुसऱ्या फेरीत तेरा. आमच्याकडे बहुतेकांचं दहा ते पंधराच्या आत येतं, म्हणजे ठीकच. तिसऱ्या फेरीत विमान नाक वर करून थबकलं, कोसळलं, पुन्हा वर. पाच सेकंद. तिनं फेक नीट केली होती, मी पाहत होतो. वारा नव्हता. पंख तपासला, सरळ. शेपूट जागेवर. ती विमान घेऊन माझ्या टेबलाशी आली.

"सर, परत वजन करायचंय."

पहिल्या फेरीआधी प्रत्येकाचं वजन चिठ्ठीवर लिहिलेलं असतं. तिचं होतं तेवीस पूर्णांक एक दशांश ग्रॅम. आता टेबलावरचा काटा थांबला बावीस पूर्णांक चारवर. सात दशांश ग्रॅम कुठं गेले? काही तुटलं नव्हतं, काही पडलं नव्हतं. मला उत्तर दिसलं होतं आणि ते तोंडातून बाहेर पडू नये म्हणून मी ओठ मिटून घेतले होते. तिनं नाकावरची कणीक अंगठ्यानं दाबली. दबली नाही. वर कडक साल धरली होती.

"वाळली," ती म्हणाली. मग जरा वेळानं, "आजी कणीक झाकून ठेवती. न्हाईतर पापुद्रा येतोय."

पाणी उडून गेलं होतं. पंखही उन्हानं थोडा सुकला असेल, पण तोल बिघडवला तो नाकानं. टोकाशी बसलेलं बारकं पोरही सी-सॉ खाली नेतं, तसं नाकावरचा अर्धा ग्रॅम पंखावरच्या अर्ध्या ग्रॅमहून कितीतरी जास्त बोलतो. तिनं मेसमधून ताजी कणीक आणली, तिसरा हिस्सा पुन्हा बोटांवर तोलला, आणि या वेळी गोळ्यावर सेलोटेपचे तीन वेढे मारले. झाकण. आजीसारखं.

पुस्तकात बाष्पीभवन आणि गुरुत्वमध्य हे दोन वेगळ्या इयत्तांचे धडे आहेत. तिनं ते दहा मिनिटांत एका कणकेच्या गोळ्यात भेटवले आणि कुणी काही शिकवल्याचं तिच्या चेहऱ्यावर नव्हतं. त्या दहा मिनिटांसाठी मी दर वर्षी काट्यावर लाकूड मोजायला तयार आहे.

चौथी फेरी, पावणेअकरा. पश्चिमेकडून दोन घारी आल्या आणि विटांच्या ढिगावर गोल धरू लागल्या. तिनं त्या पाहिल्या की नाही मला माहीत नाही. ती पळत गेली आणि फेकलं. विमान वर गेलं, डावीकडे वळलं, आणि खाली येण्याऐवजी तिथंच राहिलं. एक गोल. दुसरा. तिसरा गोल पहिल्यापेक्षा उंच होता. मैदानावरचा आवाज आपोआप बंद झाला. साठ सेकंदांना वेळाधिकाऱ्यानं हात वर केला. आमच्याकडे एका उड्डाणाची जास्तीत जास्त वेळ साठ सेकंदच धरतात, एकाच्या नशिबी आलेल्या एका बुडबुड्यानं सगळ्यांचा निकाल फिरू नये म्हणून. पण घड्याळं कुणी थांबवली नाहीत. शाळेच्या गच्चीच्या वर, निलगिरीच्या वर, नदीकडे सरकत सरकत ते एक पांढरा ठिपका झालं. एक मिनिट बावन्न सेकंदांना ठिपकाही दिसेना.

सगळे ओरडत होते, तिला उचलून घेत होते. ती नदीच्या दिशेनं बघत उभी होती. "येईल का परत?" तिनं विचारलं.

पाचव्या फेरीत तिच्याकडे उडवायला काही नव्हतं. बेरीज चौऱ्याऐंशी झाली आणि ती पाच सेकंदांनी दुसरी आली. साठची मर्यादा नसती तर पहिली आली असती, यावर परीक्षकांच्या खोलीत पुन्हा चर्चा झाली, आणि नियम तसाच राहिला. मला अजूनही तो बरोबर वाटतो. तरी त्या दिवशी तो लावताना जड गेलं.

दोन दिवस मुलांनी उसाच्या कडेकडेनं शोधलं. उभ्या उसात शिरून वीस ग्रॅमचं लाकूड कसं सापडणार?

*

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात शाळेत फोन आला. आम्ही प्रत्येक पंखाखाली शाळेचं नाव आणि फोन नंबर लिहून घेतो. बोलणारा माणूस ऊसतोड टोळीचा मुकादम, बीडकडचा. "तुमच्या शाळेचं इमान आमच्या फडात सापडलंय. पोरं खेळायलीत. पाहिजे असल तर घेऊन जावा."

शाळेपासून दीडेक किलोमीटरवरचा फड. मी, तिच्या शाळेतल्या बाई आणि ती, असे तिघं गेलो. तिनं विमान ठेवायला कापडी पिशवी आणली होती, आणि दुरुस्तीला सेलोटेपचं रीळ. ऊस तोडून मोकळ्या झालेल्या रानात पाचटाचे ढीग, वाढ्यांच्या पेंढ्या बांधत बसलेल्या बायका, पलीकडे कोप्या. कोप्यांपुढे पाच-सहा मुलं. हंगामाचे पाच-सहा महिने आईबापांमागे फिरणारी. त्यांच्यातल्या सात-आठ वर्षांच्या एका मुलीच्या हातात ते ग्लायडर होतं.

एका पंखाला चीर गेली होती, तिच्यावर साडीच्या काठाची चिंधी गुंडाळून दोऱ्यानं बांधलेली. सेलोटेप उंदरांनी कुरतडली होती आणि कणीक खाऊन टाकली होती. तिच्या जागी नाकावर काळ्या मातीचा गोळा, चिंचोक्याएवढा, त्यावरही दोरा.

"माती कुणी लावायला सांगितली?" मी विचारलं.

"कुणी न्हाई." मग ती हातानं करून दाखवत म्हणाली, "जादा लावली की पडतंय. कमी लावली की नाचतंय."

चिंधीची गाठ वर आली होती, पंखाच्या पुढच्या कडेवर. ती खाली घेतली असती तर वारा नीट वाहिला असता. माझा हात पुढे गेलाच होता. शेजारी पाहिलं, तर आमची मुलगी ते रीळ पाचटावर ठेवून, दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी होती.

मी हात मागे घेतला आणि खिशातलं घड्याळ काढलं. धाकटी पळत गेली आणि फेकलं. ते थोडं उजवीकडे कलत, बुडख्यांवरून तरंगत गेलं आणि बांधाशी टेकलं. नऊ सेकंद. ती ते उचलून धावत परत आली, घड्याळात डोकावली आणि म्हणाली, "पुन्यांदा लाव."